दोन वेगांचे एक आकाश : जुहू, सांताक्रूझ, हडपसर आणि डोळ्यांवरचा भरवसा

१/
सोपारा म्हटले की इतिहासप्रेमींना अशोकाचा शिलालेख आठवतो, १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केलेला स्तूप आठवतो. वसई म्हटले की १७३९ आणि चिमाजी अप्पा. या भूमीचा इतिहास आपण मातीत, तटबंदीत आणि खाडीच्या मुखाशी शोधतो. पण वसई-विरारच्या डोक्यावरही एक इतिहास आहे. तो आकाशाचा आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो. #थ्रेड

२/
आजचा प्रश्न साधा आहे. ताशी साडेचारशे किलोमीटर वेगाने उतरणारे प्रवासी विमान आणि ताशी शंभर किलोमीटरने, इंजिनाविना तरंगणारे ग्लायडर एकाच आकाशात समोरासमोर आले, तर कोणी कोणाला वाट द्यायची? आणि द्यायची म्हटली तरी समोरचा वेळेत दिसतो का? जगभरात अशा थोडक्यात टळलेल्या धडकांची मोठी परंपरा आहे. तिचा अर्थ समजून घ्यायला सुरुवात मात्र मुंबईच्या जुहूपासून करावी लागते.

३/
१९२८. जुहूच्या मैदानावर बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमाने उडू लागली. भारताच्या नागरी विमान वाहतुकीचे हे पहिले अंगण. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्या काळची विमाने लाकूड, कापड आणि तारा यांची. वेग आजच्या महामार्गावरील भरधाव मोटारीहून फार अधिक नव्हता.

४/
१५ ऑक्टोबर १९३२. कराचीहून टपाल घेऊन निघालेले टाटांचे पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पुढे तेच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी मद्रासपर्यंत नेले. नकाशावर अहमदाबाद ते जुहू सरळ रेघ ओढून पाहा. ती वसईच्या किनाऱ्याला जवळजवळ चिकटून जाते. भारतीय विमानसेवेचा पहिला मार्ग असा आपल्या अगदी उशापायथ्याने आखला गेला होता.

५/
त्या आकाशाचा एकच कायदा होता : पाहा आणि टाळा. वैमानिकाने डोळे उघडे ठेवावेत, समोर कोणी दिसले तर बाजूला व्हावे. ताशी दीडशे किलोमीटरच्या जगात हा कायदा पुरेसा होता. दोन विमाने समोरासमोर आली तरी एकमेकांना पाहून, विचार करून, वळायला वेळ मिळे. पुढची सारी कथा या ‘वेळ मिळे’ शब्दांच्या पडझडीची आहे.

६/
आता ग्लायडरकडे. तुंगारेश्वरच्या डोंगरावर उन्हाच्या वेळी घार पाहिली असेल. ती पंख न हलवता गोल गोल फिरत वर चढते. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा स्तंभ वर उठतो आणि घार त्यातच घिरट्या घेते. ग्लायडरचा वैमानिक नेमके हेच करतो. विंचच्या दोरीने किंवा दुसऱ्या विमानाच्या ओढीने वर जायचे, दोरी सोडायची, आणि मग गरम हवेचे एकेक खांब शोधत उंची कमवायची.

७/
हे खांब जिथे संपतात तिथे पांढरे, कापसासारखे ढग तयार होतात. म्हणून ग्लायडर बहुधा ढगाच्या तळाशी सापडतात. आणि उतरू लागलेले प्रवासी विमान ढगातून बाहेर पडते तेही त्याच तळातून! ढगातून निघालेल्या वैमानिकाला खालचे आकाश दिसायला लागते न लागते, तोच समोर कोणी घिरट्या घालत असू शकते. ही जागाच मुळात धोक्याची आहे.

८/
आंतरराष्ट्रीय नियमांनी दुबळ्याची बाजू घेतली. १९४४ च्या शिकागो कराराखालील हवाई नियमांनुसार इंजिन असलेल्या विमानाने ग्लायडरला वाट द्यायची असते. ग्लायडरने बलूनला वाट द्यायची. ज्याला वळणे कठीण, त्याचा हक्क मोठा. समुद्रावर यंत्राच्या बोटीने शिडाच्या होडीला वाट द्यावी, अशीच ही रीत. वसईच्या कोळी बांधवांना ती वेगळी सांगायला नको.

९/
पण हक्क असून काय उपयोग, समोरच्याला तुम्ही दिसलाच नाहीत तर? या नियमात एक गृहीतक दडलेले होते : वेगवान विमानाचा वैमानिक संथ विमानाला वेळेत पाहील. जेट युगाने ते गृहीतक मोडले. आणि डोळे किती फसू शकतात याचा एक विलक्षण पुरावा आपल्या मुंबईतच मिळाला.

१०/
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जुहूच्या पूर्वेला, अवघ्या तीन-चार किलोमीटरवर, सांताक्रूझचा मोठा विमानतळ उभा राहिला. युद्धानंतर प्रवासी विमाने तिकडे गेली. जुहू उरले शिकाऊ वैमानिकांसाठी आणि छोट्या विमानांसाठी. म्हणजे जुने, संथ आकाश आणि नवे, वेगवान आकाश एकमेकांच्या शेजारी नांदू लागले.

११/
त्यात आणखी एक मेख होती. धावपट्टीचे नाव तिच्या होकायंत्री दिशेवरून पडते. जुहूची मुख्य धावपट्टी ०८, सांताक्रूझची ०९. म्हणजे दोघींच्या दिशेत जेमतेम दहा अंशांचा फरक. समुद्रावरून पूर्वेकडे येणाऱ्या वैमानिकाला आधी दिसते ती जुहूची पट्टी, मग सांताक्रूझची. जुहूची लांबी सुमारे १,१४० मीटर. सांताक्रूझची तिच्या जवळपास तिप्पट. पण समोरून तिरक्या नजरेने पाहताना लांबीचा अंदाज सहज चुकतो.

१२/
१५ जुलै १९५३. ब्रिटनच्या बीओएसी कंपनीचे कॉमेट, म्हणजे जगातील पहिले जेट प्रवासी विमान, सांताक्रूझ समजून चक्क जुहूवर उतरले. जेटची प्रवासी सेवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. विमान थांबले, मोठा अनर्थ टळला. पण ज्या पट्टीवर ते उतरले तिथून त्याला पुन्हा उडवणे हे वेगळेच दिव्य होते. नऊ दिवसांनी ते तिथून बाहेर काढण्यात आले.

१३/
२४ सप्टेंबर १९७२. लंडनहून टोकियोकडे निघालेले जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान मुंबईत उतरायचे होते. तेही जुहूवर उतरले. या वेळी पट्टी पुरली नाही. विमान तिच्या टोकापलीकडे गेले आणि पुन्हा उडण्याच्या लायकीचे राहिले नाही. विमानातील १२२ जण वाचले, काही जखमी झाले. दोन्ही घटनांमध्ये एकोणीस वर्षांचे अंतर आहे, मात्र चूक तीच.

१४/
इथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण तो थेट वसई-विरारचा आहे. जुहूवर चुकून उतरलेल्या विमानांच्या अनेक याद्यांत २८ मे १९६८ चे गरुडा इंडोनेशियन एअरवेजचे कॉन्व्हेअर ९९० विमानही घातलेले आढळते. प्रवासी बचावले, असेही लिहिलेले असते. त्या तारखेला घडले ते याहून फार वेगळे आणि फार दुःखद होते.

१५/
ते विमान सांताक्रूझहून कराचीकडे उडाले आणि काही वेळातच नालासोपाऱ्याजवळ बिलालपाड्याच्या परिसरात कोसळले. विमानातील सर्व २९ जण मृत्युमुखी पडले. जमिनीवरील एका व्यक्तीचाही बळी गेला. ती धडक नव्हती आणि चुकीचे उतरणेही नव्हते. पण एका यादीतून दुसऱ्या यादीत नक्कल होत गेली आणि आपल्या गावच्या तीस मृत्यूंचे रूपांतर ‘सगळे बचावले’ या किश्शात झाले. इतिहासप्रेमींनी अशा याद्या तारखा ताडून वाचाव्यात, त्या याचसाठी.

१६/
पुन्हा जुहूकडे. १९५३ आणि १९७२ चे वैमानिक अननुभवी नव्हते. त्यांनी धावपट्टी पाहिली. अपेक्षित जागी, अपेक्षित दिशेला पट्टी दिसली म्हणजे तीच आपली, असे मनाने ठरवले. डोळा जे पाहतो त्याचा अर्थ मन लावते, आणि मन घाईत असते. लंडनलाही हेच घडले. ऑक्टोबर १९६० मध्ये पॅन ॲमचे बोइंग ७०७ हीथ्रोऐवजी नॉर्थोल्टच्या छोट्या तळावर उतरले. मग साऊथॉलच्या गॅसच्या प्रचंड टाकीवर हीथ्रोची आद्याक्षरे रंगवण्यात आली, वैमानिकाला वरून वाचता यावीत म्हणून!

१७/
एवढी मोठी, न हलणारी धावपट्टी ओळखताना डोळा फसत असेल, तर हलत्या, बारीक ग्लायडरचे काय? थोडे गणित करू. दहा हजार फुटांखाली विमानांना बहुतेक ठिकाणी ताशी सुमारे ४६० किलोमीटरची वेगमर्यादा असते. समोरून ग्लायडर ताशी १०० ने येतो आहे. दोघांमधले अंतर ताशी ५६० किलोमीटर वेगाने मिटते, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १५५ मीटर.

१८/
समोर काहीतरी आहे हे दिसणे, ते विमान आहे हे ओळखणे, धडक होणार हे उमगणे, काय करायचे ते ठरवणे, हात हलवणे आणि विमानाने प्रत्यक्ष वळणे : या साऱ्याला अमेरिकी हवाई प्रशासन साडेबारा सेकंद धरते. तेवढ्या वेळात अंतर मिटते जवळपास दोन किलोमीटर. म्हणजे ग्लायडर दोन किलोमीटरवरच दिसला पाहिजे. त्यानंतर दिसला तर उशीर झाला.

१९/
दोन किलोमीटरवरून ग्लायडर केवढा दिसतो? पंखांची लांबी १५ मीटर धरू. हात पूर्ण लांब करून बोटांत धरलेली साडेचार मिलिमीटरची रेघ. पण त्या रेघेची जाडी? पंख जेमतेम पंधरा सेंटिमीटर जाड, म्हणून ती रेघ केसाहूनही बारीक. मध्ये टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, तो ग्लायडरचा सांगाडा. रंग पांढरा. मागे पांढरा ढग. आता शोधा.

२०/
त्याहून क्रूर गोष्ट पुढे आहे. आपला डोळा हालचाल पटकन टिपतो, स्थिर वस्तू नाही. आणि नेमके ज्या विमानाशी धडक होणार असते, ते काचेवर हलत नाही! ते एकाच जागी थांबून फक्त मोठे होत जाते, सुरुवातीला अतिशय सावकाश आणि अखेरच्या काही क्षणांत एकदम. जे विमान काचेवर सरकताना दिसते ते बहुधा बाजूने निघून जाते. जे सरकत नाही, तेच जीवघेणे.

२१/
हे सत्य जगाने मोठी किंमत मोजून शिकले. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने धडकली, १२८ मृत्यू. दोन्ही विमाने ‘पाहा आणि टाळा’ याच भरवशावर होती. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन डिएगोवर बोइंग ७२७ आणि लहान सेसना धडकले. जमिनीवरच्यांसह १४४ मृत्यू. तिथे तर मोठ्या विमानाच्या वैमानिकांना समोरच्या सेसनाची सूचना मिळालेली होती. ते दिसल्याचे त्यांनी कळवलेही होते. मग ते नजरेआड झाले.

२२/
३१ ऑगस्ट १९८६. लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस येथे प्रवासी डीसी-९ आणि छोटे पायपर विमान धडकले. जमिनीवरील १५ जणांसह ८२ मृत्यू. यानंतर अमेरिकेने डोळ्यांवरचा भरवसा अधिकृतपणे सोडला. प्रवासी विमानांत धडकरोधक यंत्रणा सक्तीची झाली आणि मोठ्या विमानतळांच्या परिसरात छोट्या विमानांनाही आपली उंची सांगणारे उपकरण बाळगणे भाग पडले.

२३/
ते उपकरण म्हणजे ट्रान्सपॉन्डर. साधे रडार लहरी सोडते आणि प्रतिध्वनी ऐकते. त्याला ‘तिथे काहीतरी आहे’ एवढेच कळते, उंची कळत नाही. ट्रान्सपॉन्डर असलेल्या विमानाला मात्र रडार प्रश्न विचारते आणि विमान उत्तर देते : मी अमुक, माझी उंची तमुक. धडकरोधक यंत्रणेत विमाने हाच संवाद एकमेकांशी करतात. अंतर धोक्याचे झाले की एकाला ‘वर चढा’ आणि दुसऱ्याला ‘खाली उतरा’ असा आवाज ऐकू येतो.

२४/
भारताला हा धडा १२ नोव्हेंबर १९९६ रोजी मिळाला. हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ धडकले. एकाला चौदा हजार फुटांवर आणि दुसऱ्याला पंधरा हजार फुटांवर राहण्याची आज्ञा होती. दुसरे खाली आले. ३४९ माणसे गेली. आकाशात झालेल्या धडकांमध्ये आजवरची ही सर्वात मोठी जीवितहानी आहे.

२५/
दिल्लीला येणारी आणि दिल्लीहून जाणारी विमाने तेव्हा एकाच हवाई मार्गिकेतून ये-जा करीत. नियंत्रकापुढचे रडार उंची दाखवणारे नव्हते. न्या. रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीनंतर जाण्या-येण्याचे मार्ग वेगळे झाले आणि प्रवासी विमानांत धडकरोधक यंत्रणा सक्तीची झाली. आज तुमच्या घरावरून जाणारे प्रत्येक प्रवासी विमान इतर विमानांशी अखंड बोलत असते, त्यामागे त्या ३४९ जणांचे मरण आहे.

२६/
पण या संवादाला एक अट आहे : समोरच्याला तोंड हवे. ट्रान्सपॉन्डर नसलेले ग्लायडर मुके असते. त्याची काया बहुधा फायबरची, त्यामुळे रडारला तिचा प्रतिध्वनीही क्षीण. प्रवासी विमानाच्या यंत्रणेच्या लेखी ते आकाशात नसतेच. तिथे आपण पुन्हा १९३२ मध्ये येतो : पाहा आणि टाळा.

२७/
ग्लायडरवाले ट्रान्सपॉन्डर का लावत नाहीत? त्यांना इंजिन नाही, म्हणून वीज निर्माण करणारे जनित्रही नाही. असते ती छोटी बॅटरी. तिच्यावर रेडिओही चालवायचा आणि उंचीमापकही. २८ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेच्या नेवाडा राज्यात सुमारे सोळा हजार फुटांवर एक खासगी जेट विमान आणि ग्लायडर प्रत्यक्ष धडकले. ग्लायडरमध्ये ट्रान्सपॉन्डर होता. पण बॅटरी वाचवण्यासाठी तो बंद ठेवलेला होता.

२८/
दैव बलवत्तर. ग्लायडरचा वैमानिक पॅराशूटने उतरला, जेटही नाक चेपलेल्या अवस्थेत, चाके न काढता, पोटावर उतरले. सगळे जिवंत राहिले. त्यानंतर अमेरिकी चौकशी मंडळाने ग्लायडरना दिलेली ट्रान्सपॉन्डरची सूट काढावी, अशी शिफारस केली. एव्हाना ग्लायडरसाठी स्वस्त आणि कमी विजेवर चालणारे ‘फ्लार्म’ नावाचे उपकरण स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले होते. त्याने ग्लायडर आपसात बोलू लागले. पण प्रवासी विमानाची यंत्रणा ती भाषा समजत नाही.

२९/
आपल्याकडे हे दृश्य पाहायचे तर पुण्याला हडपसरला जावे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग सेंटर तिथे आहे. किती तरी पुणेकरांनी आकाशाची पहिली ओळख तिथल्या विंचच्या दोरीने करून घेतली. आणि तिथून सुमारे दहा किलोमीटरवर लोहगाव : हवाई दलाचा तळ, लढाऊ विमाने आणि त्याच धावपट्टीवर प्रवासी विमाने. जुहू-सांताक्रूझचीच जोडी, वेगळ्या रूपात.

३०/
अशा ठिकाणी डोळ्यांवर विसंबून चालत नाही. म्हणून आकाशाची वाटणी होते : ग्लायडरने कुठे, किती उंचीपर्यंत आणि कोणत्या वेळी उडायचे. ही वाटणी जमिनीच्या सातबाऱ्यासारखीच काटेकोर असते, फक्त तिचे बांध दिसत नाहीत. नियंत्रक रेडिओवरून होकार देईल तेव्हाच दोरी ताणायची, नकार आला तर ग्लायडर जमिनीवर. सुरक्षिततेची किंमत इथे प्रतीक्षेच्या रूपात मोजली जाते.

३१/
आणि वाटणी विसरली की काय होते, ते मुंबईने ९ फेब्रुवारी २००९ रोजी पाहिले. दिल्लीकडे निघालेले आयसी-८६६ हे एअरबस विमान धावपट्टीवर वेग घेत होते. त्याच धावपट्टीवर राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या ताफ्यातील हवाई दलाचे हेलिकॉप्टर उतरले. वैमानिकाने उड्डाण रद्द करून विमान थांबवले आणि अनर्थ टळला. दोन वेग, दोन प्रकारची वाहने, एकच पट्टी. या वेळी डोळ्याने वाचवले, कारण विमान अजून जमिनीवर होते आणि थांबण्याची सोय होती. आकाशात ब्रेक नसतो.

३२/
आता या साऱ्या कथेचा एक हिशोब मांडू. प्रत्येक अपघातानंतर, प्रत्येक थोडक्यात टळलेल्या धडकेनंतर, आकाश अधिक सुरक्षित झाले. पण प्रत्येक वेळी माघार बहुतांशी लहानाने घेतली. कायद्याच्या पुस्तकात ग्लायडरचा हक्क आजही मोठ्या विमानाहून वरचा आहे. व्यवहारात मात्र गर्दीच्या आकाशातून तोच हद्दपार होतो. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे वैमानिक प्रशिक्षण आता धुळ्याला चालते. ज्या जुहूत भारतीय नागरी उड्डाण जन्मले, तिथे आज मुख्यतः हेलिकॉप्टरांची वर्दळ आहे.

३३/
यात अन्याय आहे का? मोठ्या विमानात दोनशे जीव असतात, ग्लायडरमध्ये एक किंवा दोन. हिशोब कोणाच्या बाजूने लागणार हे उघड आहे. पण वैमानिक घडतो तो लहान विमानांत. गरम हवेचा खांब शोधत, इंजिनाविना, हवेची नस ओळखायला शिकलेला वैमानिक संकटात वेगळा ठरतो. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात इंधन संपलेले बोइंग ७६७ गिमली येथील जुन्या तळावर सुखरूप उतरवणारे कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन हे अनुभवी ग्लायडर वैमानिक होते. लहानाला आकाशातून पूर्ण हुसकावले, तर त्याची किंमत मोठ्यालाही मोजावी लागेल.

३४/
म्हणून उत्तर हद्दपारीत नाही, ते लहानाला आवाज देण्यात आहे. हलके, कमी विजेवर चालणारे, परवडणारे उपकरण, जे प्रवासी विमानालाही ऐकू जाईल. तंत्रज्ञान त्या दिशेने निघाले आहे. ‘मी इथे आहे’ एवढे सांगता आले की ग्लायडरचा कागदावरचा हक्क प्रत्यक्षात येऊ शकतो.

३५/
हा प्रश्न वसई-विरारपासून दूर नाही. आजचे लहान उडते यंत्र म्हणजे ड्रोन. पूर्वी विमानतळाच्या हद्दीपासून ४५ किलोमीटरपर्यंतचा पट्टा ड्रोनसाठी पूर्वपरवानगीचा, म्हणजे ‘पिवळा’ होता. २०२१ च्या ड्रोन नियमांनी तो १२ किलोमीटरवर आणला. मुंबई विमानतळापासून वसई साधारण तीस आणि विरार साधारण चाळीस किलोमीटरवर. म्हणजे आपले शहर नेमके या दोन आकड्यांच्या मधले.

३६/
एका नियमाने आपल्या डोक्यावरचे आकाश असे बदलले; नेमका आपला भाग कोणत्या रंगात आहे, ते उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय नकाशावर पाहणे हे आपले काम. त्यातच २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमाने उडू लागली आहेत आणि पालघर जिल्ह्यातही विमानतळाची चर्चा आहे. आकाश दाटत चालले आहे. सज्जातून ड्रोन उडवणारा मुलगाही आता या जुन्या कथेतले एक पात्र आहे, आणि ग्लायडरप्रमाणे त्याचे ड्रोनही मोठ्या विमानाच्या डोळ्यांना दिसत नाही.

३७/
शेवटी एक विनंती. २८ मे १९६८ चा तो दिवस पाहिलेली माणसे नालासोपारा, विरार, वसईत आजही असतील, आता सत्तरी-ऐंशीत. शिलालेखाला दोन हजार वर्षे वाट पाहता आली, माणसांना तेवढा अवधी नसतो. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनी काय पाहिले, काय ऐकले, ते त्यांच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवा. बिलालपाड्याच्या तीस मृत्यूंची नोंद परक्या यादीतल्या चुकीच्या ओळीपुरती उरू नये, एवढे आपल्या हातात आहे.

थ्रेड समाप्त. उपयुक्त वाटल्यास पुढे पाठवा. दुरुस्ती असेल तर पुराव्यासह जरूर कळवा. #वसईविरार #विमानइतिहास